एकाच दिवशी दोन कौल

२० नोव्हेंबर २०२४ रोजी नांदेड लोकसभा मतदारसंघातल्या मतदान केंद्रांवर दोन-दोन यंत्रं मांडलेली होती. एकावर पांढरी मतपत्रिका, दुसऱ्यावर गुलाबी. पांढरी दिल्लीसाठी, गुलाबी मुंबईसाठी. उरलेला महाराष्ट्र त्या दिवशी फक्त आमदार निवडत होता. नांदेडकरांना खासदाराची पोटनिवडणूकही उरकायची होती. बोटाला शाई एकदाच लागली, बटण मात्र दोनदा दाबायचं होतं.

२३ तारखेला मतमोजणी झाली. राज्यभर महायुतीचा गुलाल उधळला जात होता आणि नांदेडात लोकसभेचा आकडा फेरीगणिक खाली-वर होत होता. अखेर काँग्रेसचे रवींद्र चव्हाण ५,८६,७८८ मतं घेऊन निवडून आले. भाजपचे डॉ. संतुक हंबर्डे यांना ५,८५,३३१ मतं मिळाली. फरक १,४५७ मतांचा. पावणेबारा लाखांच्या आसपास मतं या दोघांनी मिळून घेतली, त्यात हा फरक कुठल्याही मध्यम गावच्या मतदार यादीएवढा. आता गुलाबी मतपत्रिकेचा निकाल पाहा. याच लोकसभा मतदारसंघातल्या सहाच्या सहा विधानसभा महायुतीनं जिंकल्या. भोकर, नायगाव, देगलूर आणि मुखेड भाजपकडे गेले, नांदेड उत्तर आणि दक्षिण एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेकडे. म्हणजे मतदार तेच, रांग तीच, खोली तीच, आणि खासदार एका बाजूचा तर सगळे आमदार दुसऱ्या बाजूचे.

या निकालावर त्या आठवड्यात दोन्हीकडून उदंड बोललं गेलं. कुणी यंत्रावर शंका घेतली, कुणी त्याच यंत्राला प्रामाणिकपणाचा दाखला दिला. दोन्ही बाजूंनी मतदाराला मात्र जरा कमीच लेखलं. किराणा दुकानदाराच्या वहीत जसं एकाच घराच्या नावावर दोन खाती असतात, तसा मराठवाड्यातला मतदार दिल्लीचा आणि मुंबईचा हिशोब वेगवेगळ्या पानांवर लिहितो. तो आज लिहायला लागलेला नाही, फार पूर्वीपासून लिहितो आहे.

अर्थात सगळ्यांनीच मत फोडलं असं नाही. बहुतेकांनी दोन्ही बटणं एकाच बाजूची दाबली असणार. विधानसभेला बंडखोर होते, अपक्ष होते, विरोधी मतं बऱ्याच ठिकाणी वाटली गेली. त्यामुळे महायुतीच्या सहा विजयांमागे काही हात या फाटाफुटीचाही आहे. तरीही एवढं खरं, की ज्या हजारो लोकांनी त्या दिवशी दोन वेगळ्या चिन्हांवर बोट ठेवलं, त्यांनी गोंधळून तसं केलं नाही. जुलैपासून ‘लाडकी बहीण’चे दीड हजार रुपये दरमहा खात्यात पडत होते, मतदानापर्यंत पाच हप्ते, म्हणजे साडेसात हजार रुपये जमा झाले होते. ते पैसे मुंबईहून आले होते. सोयाबीनचा भाव मात्र दिल्लीच्या नावावर होता. शिवाय पांढऱ्या मतपत्रिकेवर एक नाव सहानुभूतीचं होतं.

ती सहानुभूती होती वसंतराव चव्हाण यांच्याबद्दलची. नायगावचे. गावच्या सरपंचपदापासून राजकारणाला सुरुवात, २००९ मध्ये अपक्ष आमदार, पुढे काँग्रेसचे आमदार, २०१९ मध्ये पराभूत. फेब्रुवारी २०२४ मध्ये माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाण काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेले आणि लगोलग राज्यसभेवर निवडून आले, तेव्हा नांदेड काँग्रेसच्या कार्यालयात दिवा लावायला तरी कुणी उरेल का, असं वातावरण होतं. त्या पडत्या काळात तब्येत साथ देत नसतानाही वसंतराव उभे राहिले. ४ जूनला त्यांनी भाजपचे विद्यमान खासदार प्रताप पाटील चिखलीकर यांना ५९,४४२ मतांनी हरवलं. खासदारकीचे तीन महिनेही पुरे झाले नाहीत. २६ ऑगस्टला हैदराबादच्या रुग्णालयात त्यांचं निधन झालं. पोटनिवडणुकीत त्यांचा मुलगा रवींद्र उभा राहिला आणि निसटता का होईना, जिंकला.

बापाच्या जागी मुलगा, ही नांदेडच्या पोटनिवडणुकांची रीतच म्हणायला हवी. शंकरराव चव्हाण १९८६ मध्ये दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले, दिल्लीतली जागा रिकामी झाली आणि १९८७ च्या पोटनिवडणुकीत तरुण अशोक चव्हाण यांनी प्रकाश आंबेडकरांचा पराभव करून संसद गाठली. २०२१ मध्ये देगलूरचे आमदार रावसाहेब अंतापूरकर कोरोनात गेले; पोटनिवडणुकीत त्यांचे चिरंजीव जितेश काँग्रेसकडून निवडून आले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये हेच जितेश भाजपमध्ये गेले आणि नोव्हेंबरात त्याच देगलूरकरांनी त्यांना कमळावर पुन्हा निवडून दिलं. तिकडे हंबर्डेंच्या घरात वेगळाच पेच होता. संतुकराव भाजपचे लोकसभेचे उमेदवार आणि त्यांचे भाऊ मोहनराव नांदेड दक्षिणमध्ये काँग्रेसचे. निकालात दोघेही पडले.

नांदेडचा उल्लेख वर्तमानपत्रांत ‘चव्हाणांचा बालेकिल्ला’ या शब्दांशिवाय सहसा होत नाही. या किल्ल्याची तटबंदी जरा जवळून बघण्यासारखी आहे. १९५६ मध्ये शंकरराव नांदेडचे नगराध्यक्ष झाले तिथून हा प्रवास सुरू होतो. दोनदा मुख्यमंत्री, केंद्रात गृहमंत्री, पाटबंधाऱ्यांचा ध्यास, ‘हेडमास्तर’ अशी ओळख. गोदावरीवरच्या विष्णुपुरी प्रकल्पाच्या जलाशयाला त्यांचं नाव आहे. इतका मोठा नेता; पण मतदारसंघ त्यांच्या नावावर कधीच कायमचा लिहून दिला गेला नाही. १९५७ मध्ये, नांदेडमधून दोन खासदार जायचे त्या काळात, त्यातले एक शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे हरिहरराव सोनुले होते. १९७७ मध्ये शेतकरी कामगार पक्षाचे केशवराव धोंडगे. १९८९ मध्ये जनता दलाचे डॉ. व्यंकटेश काब्दे यांनी खुद्द अशोक चव्हाणांना हरवलं. शंकररावांचं निधन २६ फेब्रुवारी २००४ रोजी झालं आणि त्यानंतरच्या निवडणुकीत भाजपचे डी. बी. पाटील जिंकले, तेही अशोक चव्हाणांचे दाजी भास्करराव खतगावकर यांना हरवून. १९८० आणि १९८४ मध्ये शंकरराव, १९८७ आणि २०१४ मध्ये अशोकराव एवढ्याच वेळा शंकररावांच्या घराण्यातली व्यक्ती इथून लोकसभेवर गेली.

सगळ्यात बोलका आकडा २०१९ चा. त्या मे महिन्यात माजी मुख्यमंत्री आणि तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष अशोक चव्हाण ४०,१४८ मतांनी हरले. वंचित बहुजन आघाडीचे यशपाल भिंगे यांनी १,६६,१९६ मतं घेतली होती. काँग्रेसजन आजही पराभवाचं सगळं खापर त्या मतांवर फोडतात. पाच महिन्यांनी विधानसभा लागली. भोकरमधून तेच अशोक चव्हाण ९७ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. खासदार म्हणून नको आणि आमदार म्हणून हवेत, हे लोकांनी एका पावसाळ्याच्या अंतरानं सांगितलं. २०२४ मध्ये त्यांची कन्या श्रीजया भोकरमधून कमळावर पन्नास हजारांवर मताधिक्यानं जिंकली. त्याच भोकरच्या केंद्रांवर त्याच दिवशी झालेली लोकसभेची लढत मात्र भाजपला काही केल्या सुटली नाही.

एप्रिल २०२४ चं वातावरण या सगळ्यात वेगळं होतं. १ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आंदोलकांवर लाठीमार झाला. त्यानंतर मराठवाड्यातल्या गावोगावच्या वेशीवर पुढाऱ्यांना गावबंदीचे फलक लागले. नांदेडात ज्यांच्या गाडीपुढे वर्षानुवर्षं हलगी वाजली, त्यांना तरुण पोरं गाडी अडवून आरक्षणाचं विचारू लागली. पक्ष बदललेल्या अशोक चव्हाणांनाही ते चुकलं नाही. २० एप्रिलला पंतप्रधान नरेंद्र मोदींची नांदेडात सभा झाली, २६ तारखेला मतदान. त्या दिवशी बिलोली तालुक्यात एका मतदाराने कुऱ्हाडीनं मतदान यंत्रच फोडलं. बातमी देशभर गेली. पण त्या तालुक्यांचं दुखणं यंत्र फुटण्याच्या खूप आधीचं आहे.

बिलोली, धर्माबाद, देगलूर ही तेलंगणाच्या कुशीतली गावं. बोली मराठी, पण सोयरिकी आणि बाजारहाट पलीकडे. २०१८ मध्ये धर्माबाद परिसरातल्या अनेक गावांनी आम्हाला तेलंगणात जाऊ द्या अशी मागणी केली. तिकडे शेतकऱ्याला पेरणीआधी एकरी पैसे मिळतात, मोफत वीज मिळते, हे त्यांना रोज दिसत होतं. इकडे गोदावरीवर स्वतःच्या हद्दीत बांधलेल्या बाभळी बंधाऱ्याचं पाणीसुद्धा आपलं नाही. २०१० च्या जुलैत चंद्राबाबू नायडू आपल्या आमदारांसह बाभळीकडे निघाले, महाराष्ट्र पोलिसांनी त्यांना अटक केली आणि बंधारा देशाला माहीत झाला. २८ फेब्रुवारी २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे. म्हणजे नदी भरून वाहते तेव्हा पाणी अडवायचं नाही. या भागात प्रचाराला गेलेल्या प्रत्येक उमेदवाराने बाभळीवर बोलायचं, हा आता शिष्टाचार झाला आहे.

ही नस तेलंगणाच्या के. चंद्रशेखर राव यांनी बरोबर ओळखली. भारत राष्ट्र समितीची तेलंगणाबाहेरची पहिली जाहीर सभा त्यांनी ५ फेब्रुवारी २०२३ रोजी नांदेडातच घेतली, पाठोपाठ २६ मार्चला लोह्यात. ‘अब की बार किसान सरकार’चे गुलाबी फलक लागले, माजी आमदार गुलाबी उपरणी घालून फिरू लागले. डिसेंबरात राव तेलंगणातच सत्ता गमावून बसले आणि नांदेडच्या लोकसभेपर्यंत ते उपरणं कपाटात गेलेलं होतं.

लोहा नांदेड जिल्ह्यात आहे, पण नांदेड लोकसभेत नाही. २००८ च्या फेररचनेनं जिल्ह्याचे नऊ विधानसभा मतदारसंघ तीन खासदारांत वाटले. किनवट आणि हदगाव हिंगोलीला, लोहा लातूरला, उरलेले सहा नांदेडला. त्यामुळे २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्यात दोन वेगळ्या तारखांना मतदान झालं: बाकीचा जिल्हा २६ एप्रिलला, लोहा-कंधारकर ७ मे रोजी, लातूरसोबत. माळेगावची खंडोबाची यात्रा लोहा तालुक्यात भरते. मार्गशीर्षात घोडे, उंट, गाढवं, तमाशाचे फड आणि कृषी प्रदर्शन यांनी माळ फुलून जातो. भरवते नांदेड जिल्हा परिषद, मंडपात पुढारी नांदेडचे. मात्र माळेगावकरांच्या मतावर संसदेत जो जातो, तो लातूरचा. रस्ता पाहिजे तर नांदेडच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जायचं, रेल्वे पाहिजे तर लातूरच्या खासदाराकडे.

कंधारचं तर नशीबच गमतीदार. आज लोहा मतदारसंघात मोडणारं हे गाव केशवराव धोंडगे यांचं. मन्याड खोऱ्यातला हा शेकापचा गडी. शिवाजी मोफत शिक्षण संस्था काढून खेड्यांत शाळा नेणारा, गुराख्यांचं साहित्य संमेलन भरवणारा, आणीबाणीत तुरुंगात गेलेला. १ जानेवारी २०२३ रोजी शंभरी ओलांडून ते गेले. १९७७ मध्ये त्यांनी नांदेड जिंकलं, त्याच वर्षी शेजारी लातूरमध्ये शेकापचेच उद्धवराव पाटील निवडून आले. लागून असलेल्या दोन्ही मतदारसंघांत एकाच वेळी लाल झेंडा, हे आज कॉलेजच्या पोरांना सांगितलं तर पटत नाही. तरी त्या झेंड्याचं एक ठिगळ लोह्यात बरंच टिकलं. २०१९ च्या विधानसभेत शेकापचा राज्यातला एकमेव आमदार इथलाच होता, श्यामसुंदर शिंदे. चिखलीकरांचे मेहुणे. २०२४ मध्ये याच जागेवर चिखलीकर राष्ट्रवादीच्या घड्याळावर आणि त्यांच्या भगिनी आशाताई शिंदे शेकापकडून अशी भावा-बहिणीचीही लढत झाली. चिखलीकर जिंकले.

लातूर लोकसभा म्हटलं की दोन नावं जोडीनं येतात, शिवराज पाटील चाकूरकर आणि विलासराव देशमुख. चाकूरकर १९८० पासून सलग सात वेळा निवडून आले, लोकसभेचे अध्यक्ष झाले. मृदू बोलणं, पांढरे स्वच्छ कपडे, ग्रंथांची आवड. दिल्लीत त्यांचं वजन होतं, पण गावात त्यांचा कार्यकर्ता शोधावा लागे. ती बाजू देशमुखांची यंत्रणा सांभाळायची. बाभळगावच्या सरपंचपदापासून मुख्यमंत्रिपदापर्यंत गेलेले विलासराव कधीच लोकसभेला उभे राहिले नाहीत, पण मांजरा साखर कारखाना, जिल्हा बँक आणि बाजार समिती यांच्या आधारावर लातूरचा खासदार ठरवण्यात त्यांचा वाटा मोठा. आणि या यंत्रणेलाही लोकांनी वेळोवेळी दणका दिला. १९९५ मध्ये विलासराव स्वतः लातूरमधून जनता दलाचे शिवाजीराव पाटील कव्हेकर यांच्याकडून पडले. २००४ मध्ये चाकूरकर पडले, भाजपच्या रूपाताई पाटील निलंगेकर यांच्याकडून, सुमारे तीस हजार मतांनी. तरी त्याच महिन्यात ते देशाचे गृहमंत्री झाले, पुढे राज्यसभेतून. लातूरकरांनी घरी बसवलेला माणूस दिल्लीनं नॉर्थ ब्लॉकमध्ये बसवला, याची चर्चा निलंगा-उदगीरच्या हॉटेलांत वर्षभर पुरली.

निलंग्यात तेव्हा आणखी एक नाट्य चाललं होतं. रूपाताई या माजी मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांच्या सूनबाई. सासरे काँग्रेसचे, सून भाजपची. त्याच वर्षीच्या विधानसभेत रूपाताईंचे चिरंजीव संभाजी यांनी आजोबांना हरवलं. २००९ मध्ये आजोबांनी नातवाला हरवून ती फेड केली. पुढे आजोबा थांबले आणि काका-पुतण्यांची लढत सुरू झाली. चार मुख्यमंत्री या दोन जिल्ह्यांनी दिले: शंकरराव, निलंगेकर, विलासराव, अशोकराव. त्यातल्या किमान तिघांनी आपल्या घरच्या मतदारसंघात स्वतःचा पराभव एकदा तरी पाहिलेला आहे किंवा घरातल्याच माणसाशी लढत पाहिली आहे.

२००८ च्या फेररचनेत लातूर अनुसूचित जातींसाठी राखीव झालं. तसं ते नवं नव्हतं. १९६२ पासून तीन वेळा तुळशीराम कांबळे याच राखीव जागेवरून गेले होते. पण २००९ मध्ये काँग्रेसने उमेदवार थेट कोल्हापूर जिल्ह्यातून आणला. जयवंतराव आवळे. विलासरावांनी प्रतिष्ठा पणाला लावली तेव्हा कुठे ते आठ हजारांच्या आतल्या फरकानं निघाले. मोदी लाटेत हा फरक उलटून लाखांत गेला: २०१४ मध्ये भाजपचे सुनील गायकवाड २,५३,३९५ मतांनी, २०१९ मध्ये सुधाकर शृंगारे २,८९,१११ मतांनी. मधल्या काळात एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे लातुरात पाणी घेऊन आली. पुढच्याच वर्षी महापालिकेत शून्यावर असलेल्या भाजपने ७० पैकी ३६ जागा जिंकल्या. २०१९ च्या विधानसभेत लातूर ग्रामीणमध्ये विलासरावांचे चिरंजीव धीरज देशमुख लाखाहून अधिक मतांनी जिंकले. दुसऱ्या क्रमांकावर कोण, तर ‘नोटा’. २७ हजारांवर मतदारांनी वरीलपैकी कुणीही नको असं बटण दाबलं. युतीने जागा दुबळ्या उमेदवाराला सोडली, याचा राग लोकांनी असा काढला. पाच वर्षांनी धीरज देशमुख तिथेच भाजपच्या रमेश कराडांकडून सुमारे साडेसहा हजारांनी पडले.

२०२४ च्या लोकसभेला काँग्रेसने लातूर शहरातले नेत्रतज्ज्ञ डॉ. शिवाजी काळगे यांना उभं केलं. राजकारणात नवखे, डोळ्यांच्या शस्त्रक्रियांमुळे घरोघरी माहीत. राखीव जागेवर माला जंगम समाजाचा उमेदवार, म्हणजे लिंगायत मतांशीही नातं, हे गणित विलासरावांचे दुसरे चिरंजीव अमित देशमुख यांनी नेमकं मांडलं होतं. चाकूरकरांच्या सूनबाई डॉ. अर्चना पाटील मार्चमध्येच भाजपमध्ये गेल्या होत्या, ३० एप्रिलला मोदींची लातुरात सभा झाली, तरी काळगे ६१,८८१ मतांनी जिंकले. संविधानाचा मुद्दा, मराठा आरक्षण आणि सोयाबीन अशी तीन कारणं तेव्हा सगळेच सांगत. पहिल्या दोघांवर भरपूर लिहिलं गेलंय, तिसऱ्यावर त्या मानाने कमी.

लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनचा जो भाव फुटतो, त्याकडे अख्ख्या मराठवाड्याचं लक्ष असतं. दिवाळीच्या तोंडावर पोत्यांच्या थप्प्या लागतात, आडत्याचा माणूस ओंजळीत दाणे घेऊन ओलाव्याचं यंत्र लावतो आणि आकडा सांगतो. त्या आकड्यावर पोरीचं लग्न, ट्रॅक्टरचा हप्ता, लातूरच्याच शिकवणीची फी ठरते. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. बाजारात माल त्याच्या बराच खाली चालला होता आणि सरकारी केंद्रावर बारा टक्क्यांपेक्षा जास्त ओलाव्याचं सोयाबीन घेत नव्हते. परतीच्या पावसानं भिजलेल्या मालात बारा टक्के कुठून आणायचे? नोव्हेंबरच्या विधानसभा प्रचारात भाजपने सहा हजारांचा भाव कबूल केला, काँग्रेसने सात हजारांचा. मतदान पाच दिवसांवर आल्यावर केंद्राने ओलाव्याची मर्यादा पंधरा टक्के केली. तोवर गरजू शेतकऱ्याने माल व्यापाऱ्याला देऊन टाकला होता. पुढच्या हंगामाचा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला आणि सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत शेतातलं उभं पीकच पाण्यात गेलं.

आता फेररचनेची चाहूल लागली आहे. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे, मतदारसंघांच्या सीमा त्यानंतरच हलतील आणि महिला आरक्षणही त्याच फेररचनेला जोडलेलं आहे. लातूरचं आरक्षण राहतं की उठतं यावर जिल्ह्यातल्या निम्म्या पुढाऱ्यांची पुढची दहा वर्षं अवलंबून आहेत. लोहा परत नांदेडला जोडलं जावं असं वाटणारेही आहेत, लातूरमध्येच बरं म्हणणारेही. प्रताप पाटील चिखलीकर सध्या लोह्याचे आमदार आहेत. पाच वर्षं नांदेडची खासदारकी केलेल्या या गृहस्थांना आज आपल्या मतदारसंघातलं रेल्वेचं काम घेऊन लातूरच्या काँग्रेस खासदाराकडे जावं लागतं.